दर्शनी भिंतीच्या फळ्या

तपासनीस बाई दुपारी येणार होत्या, आणि सकाळपासून घरात माणसं थोडी आणि सूचना फार झाल्या होत्या.

सूचना सगळ्या धाकटीच्या. लग्न होऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली त्याला दोन तपं उलटली होती, पण माहेरचा उंबरा ओलांडला की ती अजूनही शेंडेफळच. फरक एवढाच की या शेंडेफळाला आता चष्मा लागला होता आणि ते कॉलेजात इतिहास शिकवत होतं. वारसा समितीकडे अर्ज तिनेच केला, पाठपुरावा तिनेच केला, आणि आज दर्शनी भिंत पुसायची की नाही हेही तीच ठरवत होती.

"पुसू नकोस वहिनी," ती म्हणाली. "जुनं दिसू दे."

"अगं, जुनं वेगळं आणि घाण वेगळी," थोरली म्हणाली, आणि फडकं पिळून भिंत पुसायला लागली.

थोरल्याला, तिच्या नवऱ्याला, जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. तेव्हापासून ही थोरली सून या लाकडी घरात एकटीच राहत होती. खाली दोन खोल्या, वर वाकून चालावं लागेल असा माळा, पुढे तीन पायऱ्या. घर तिचं होतं आणि नव्हतंही. कागदावर नावं तिघांची होती. थोरल्याच्या मागे ती, मग मधला, मग धाकटी. मधल्याला घर विकायचं होतं, धाकटीला राखायचं होतं. थोरलीला कुणी विचारलं नव्हतं, कारण तिला काय हवं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिला इथेच राहायचं होतं, आणि जायची वेळ आली की याच दारातून जायचं होतं.

बाईंनी घर पहिल्या वर्गात बसवलं, तर ते कुणालाच पाडता येणार नव्हतं, मालकांनाही नाही. मग मधल्याची सही असो वा नसो, थोरलीला कुणी उठवू शकत नव्हतं. पण पहिल्या वर्गाची अट मोठी नाठाळ होती. घर मूळ स्थितीत असायला हवं, हात न लागलेलं. आणि या घराला जेवढे हात लागले होते, तेवढे विहिरीच्या दोरालाही लागले नसतील.

"पुन्हा एकदा सांगते," धाकटी तिच्या मागे मागे फिरत म्हणाली. "घर कुणी बांधलं? पणजोबांनी. कधी? राणीच्या राज्यात. बस्स. फळ्या बदलल्या का, किती बदलल्या, कुणी बदलल्या, यावर अळीमिळी गुपचिळी."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"विचारणार नाहीत. दादाचं काम आहे ते. ओळखूच येत नाही."

थोरलीचं फडकं क्षणभर थांबलं. कौतुक होतं खरं, पण ऐकून बरं का वाटलं नाही, ते तिला सांगता आलं नसतं.

लाकडाच्या घराचं दुखणं जुनंच. ऊन, पाणी, वाळवी. दरवर्षी एखादी फळी मान टाकतेच. मामंजी सुतार होते, त्यांचा हा थोरला मुलगाही सुतार, आणि दरवर्षी जी फळी सगळ्यांत वाईट असेल तेवढी एकच काढायची, अशी त्यांची शिस्त. कापणं, रंधणं, खाचेत बसवणं हे सुताराचं काम. पण फळी बसली की घरातल्या प्रत्येकाने तिच्यात एकेक खिळा मारायचा. ज्याला हातोडी उचलते त्या प्रत्येकाने. "खिळा मारला म्हणजे घराला शब्द दिला," मामंजी म्हणत. "आपण खिळा मारलेलं घर आपण मोडायचं नसतं." थोरली लग्न होऊन आली त्या वर्षी त्यांनी तिच्याही हातात हातोडी दिली होती, आणि तिने पहिल्याच घावात स्वतःचा अंगठा ठेचून घेतला होता. तेव्हा ती खऱ्या अर्थाने या घरची झाली, असं मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मधल्याचे खिळे मात्र घरात कुप्रसिद्ध होते. लहानपणी त्याची हातोडी खिळ्यापेक्षा लाकडालाच जास्त लागायची. दर खिळ्याशेजारी अर्धगोल खड्डा. सगळे त्यांना मधल्याचे चंद्र म्हणायचे.

शेवटची फळी थोरल्याने दवाखान्यात भरती होण्याआधी तयार करून माळ्यावर ठेवली होती. दाराच्या डाव्या हाताला, खालच्या अंगाला तिची जागा. तिथली जुनी फळी कुजून गेली, थोरलीने तिथे पत्रा ठोकला, आणि मधल्याला निरोप पाठवले. तो दर वेळी म्हणायचा, "येतो वहिनी, पुढच्या रविवारी." पुढचा रविवार काही आला नाही. थोरली समजून होती. ज्याला घर विकायचं आहे तो खिळा मारायला कसा येईल? तो शब्द मोडणारा नव्हता, म्हणून शब्द देतच नव्हता.

*

मधला आणि मधली आले ते भांडतच आले. म्हणजे भांडत मधली होती, मधला नुसता चालत होता. त्याचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. उभं आयुष्य काटा मध्ये आणण्यात गेल्यामुळे की काय, घरात तो कुठल्याच बाजूला झुकायचा नाही, आणि त्याच्या वाटचं झुकणं मधलीला करावं लागायचं.

"काय हो वन्सं," तिने चपला काढता काढताच सुरुवात केली, "आम्हाला विचारायचं तरी! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. उद्या त्या बाईंनी शिक्का मारला की आपल्याच घरात आपल्याला खिळा ठोकायची चोरी."

"तसं काही नसतं," धाकटी म्हणाली. "वारसा म्हणजे काय ते..."

"वारसा तुम्ही लांबून बघता, चष्म्यातून. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं आहेत. मुलगा, सून आणि जुळी नातवंडं आतल्या खोलीत. आम्ही दोघं शिलाईच्या मशीनखाली पाय घालून झोपतो. बिल्डर तिघांना तीन फ्लॅट देतोय. जाऊबाईंनाही एक. लिफ्ट असलेला! त्यांच्या गुडघ्यांचा विचार केलाय का कुणी?"

"माझ्या गुडघ्यांना यात ओढू नकोस," थोरली म्हणाली. "ते आधीच ओढून ओढून थकलेत."

मधलीला हसू आलं, पण तिने ते परतवून लावलं. थोरलीला तिचा राग येत नव्हता. ती स्वतः त्या दोन खोल्यांत राहून आली होती. रात्री पाणी प्यायला उठायचं तर चार जणांना ओलांडून जावं लागे. मधली हावरी नव्हती, अंग अवघडलेली होती, आणि अवघडलेल्या माणसाची जीभ सैल सुटते.

"भाऊ," धाकटीने मोर्चा वळवला, "तू त्यांच्यासमोर फळ्यांचं काही बोलणार नाहीस ना?"

मधल्याने चष्म्याची काच शर्टाच्या टोकाला पुसली. "विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन. खोट्या मापाने मी आजवर काही दिलेलं नाही."

"माप कसलं त्यात? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"मूठ तुझी. घर तिघांचं." तो थोरलीकडे वळला आणि आवाज उतरला. "वहिनी, राग मानू नका. मी आजच सांगून ठेवतो, म्हणजे पाठीमागून केलं असं नको व्हायला."

"राग नाही भाऊजी," थोरली म्हणाली. आणि खरंच नव्हता. भीती होती. चहाचं आधण ठेवताना तिला स्वतःचीच हुरहुर ऐकू येत होती. मधल्याच्या एका वाक्यावर तिचं घर उभं होतं, आणि तो वाक्य बोलून दाखवणारा माणूस होता.

*

तपासनीस बाई आल्या त्या पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी आणि हातात टॉर्च घेऊन. चहा नको म्हणाल्या, मग दोन कप प्यायल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. सरळ भिंतीशी गेल्या आणि बोटांच्या पेरांनी फळ्या वाजवायला लागल्या, कान लावून.

"माफ करा हं, मला आधी घराशी बोलावं लागतं," त्या म्हणाल्या. "माणसं नंतर."

"बोला, बोला," मधली म्हणाली. "आमच्याशी कुणी नाही बोललं तरी आम्ही बोलतोच."

बाई मनमोकळ्या निघाल्या. हसल्या, आणि काम करता करता बोलत राहिल्या. "व्हिक्टोरियन काळातलं म्हटलं की लोकांना मनोरे आणि रंगीत काचा आठवतात. साहेबांचे बंगले सगळीकडे राखलेत, छपराच्या नक्षीपासून दाराच्या मुठीपर्यंत. पण वखारीत करवत ओढणारा माणूस संध्याकाळी कुठल्या घरात जायचा, ते दाखवायला या शहरात माझ्याजवळ एक घर नाही. नक्षीची एक रेघ नाही, दोन खोल्या, एक माळा. साधी घरं कुणी राखत नाही. मग शंभर वर्षांनी आपल्याला वाटायला लागतं की साधी माणसं नव्हतीच."

धाकटीने थोरलीचा हात दाबला. बघ, मी म्हणत नव्हते? थोरलीने मधल्याकडे पाहिलं. तो पायरीशी उभा होता, तोंड उघडायच्या बेतात. बाईंचं वाक्य संपायची वाट बघत होता एवढंच. माणूस सभ्य होता.

बाई दर्शनी भिंतीशी खाली बसल्या आणि भिंग काढलं.

"हे बघा. खिळे त्याच काळातले, चौकोनी डोक्याचे, ऐरणीवर घडवलेले. आणि गंमत बघा, हे खड्डे." त्यांनी एका अर्धगोलावर बोट टेकवलं. "दर फळीत एखाद्या खिळ्याशी आहेतच. हातोडी चुकलेली. म्हणजे खिळे मारायला कुणीतरी पोरगं ठेवलं असणार. दिवसभर राबलेलं, उपाशी. हात थरथरत असतील बिचाऱ्याचे."

 मधलीने पदर तोंडात कोंबला. उपाशी! त्या वयात मधला सकाळ-संध्याकाळ ताटात दुसऱ्यांदा वाढून घेणारा आणि वर तिसऱ्यांदा मागणारा म्हणून प्रसिद्ध होता. सासूबाईंनी तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं होतं. धाकटी छताकडे बघायला लागली. मधला लाल झाला होता. आता बोलतो, थोरलीला वाटलं. आता बोलतोच.

पण बाईंनी बोट सरकवत दोन फळ्यांच्या मधल्या फटीवर आणलं, म्हणजे जिथे फट असायला हवी होती तिथे, आणि त्यांचा आवाज बदलला.

"आणि हा जोड. या फळीची कड त्या फळीच्या खाचेत गेलीये, आणि शंभर पावसाळे होऊन गेले तरी मला नख घालता येत नाहीये. यंत्राने नाही होत हे. हाताने रंधलंय, आणि प्रत्येक फळी शेजारच्या फळीच्या वळणाने कापलीये. समोरच्याने जसं वळावं तसं वळून घेतलंय."  "कोण होता हो हा माणूस? तुमचे पणजोबा? दुर्दैव बघा, असा हात होता आणि नावनिशाणी नाही. मी वीस वर्षं घरं बघतेय. अशा माणसाला मला एकदा भेटायचं होतं."

"हो, पणजोबाच," धाकटी घाईने म्हणाली.

थोरलीने मधल्याकडे पाहिलं. तो बोलला नाही. ओठ मिटून, मान खाली घालून तो त्या जोडाकडे बघत होता. जिंकत आलेला डाव त्याने हातातच धरून ठेवला होता.

म्हणजे झालं. कुणी काही बोलणार नव्हतं. बाई लिहिणार, घर पहिल्या वर्गात जाणार, आणि थोरली याच दारातून जाईपर्यंत इथेच राहणार. तिने फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यभर तिला त्याची सवय होती.

तिला थोरला रंधा ओढताना दिसला. फळीचं दुसरं टोक तिच्या हातात, आणि तो म्हणायचा, "घट्ट धर गं, ही शेवटची, मग चहा." ती शेवटची कधीच नसायची. आपलं काम दिसू नये, यासाठी त्याने जन्मभर हात मोडले. कुणी येऊन म्हणायचं, "घर कसं जसंच्या तसं राहिलंय!" की तो मान हलवून आत जायचा आणि तिला डोळा मारायचा. तेवढंच त्याचं बक्षीस. आता डोळा मारणारा नव्हता, आणि कुणी परकी बाई त्याला भेटायचं होतं म्हणून हळहळत होती, तेही त्याच्याच दारात.

"पणजोबा नाहीत," थोरली म्हणाली. "आमचे हे."

"वहिनी!" धाकटी म्हणाली.

"ह्यांनी केलेत ते जोड. त्याआधी मामंजींनी. ह्यांना जाऊन तिसरं वर्ष आहे. तुम्ही थोडं आधी आला असतात तर भेटले असते."

बाई उठून उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. "पण लाकूड तर त्याच काळातलं आहे. खिळेसुद्धा. मी इतकी चुकणार नाही."

"नाही चुकलात. लाकूड शेजारचं आहे." एकदा तोंड उघडल्यावर थोरलीला थांबता येईना. "ही एक अख्खी आळी होती अशी. एकेक घर पाडायला लागले की हे पोतं घेऊन जायचे. मुकादम म्हणायचा, ने बाबा, नाहीतरी जळणालाच जाणार. हे खिळे उपसून आणायचे, अंगणात दगडावर सरळ करायचे. मी पकडायची, ते ठोकायचे. ही खालून दुसरी फळी पुस्तकं बांधणाऱ्याच्या घरातली. उन्हात तापली की अजून खळीचा वास येतो. ही सुईणबाईंची. आणि ती वरची, शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणींची. रंधताना तिच्यातून टाचण्या निघाल्या, रंध्याचं पातं गेलं, आणि हे दोन दिवस त्या बहिणींना शिव्या घालत होते. त्या जाऊन जमाना झाला होता."

मधलीने पदर तोंडातून काढला होता. हे तिनेही कधी ऐकलं नव्हतं.

"आणि ते उपाशी पोरगं," थोरलीने हाताने दाखवलं, "हे काय, समोर उभं आहे."

बाईंनी मधल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याच्या पोटाशी जरा थांबल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. मधलाही कसंनुसं हसला.

हसून झाल्यावर बाई पायरीवर बसल्या. पहिल्यांदाच बसल्या. भिंतीवरून हात फिरवत राहिल्या.

"मूळ किती उरलंय?" त्यांनी विचारलं.

"छपराखालच्या दोन फळ्या. आणि उंबरा."

"मग पहिल्या वर्गात नाही घालता येणार मला," त्या म्हणाल्या. "मनात असलं तरी. नियम मूळ बांधणीचा आहे. दुसऱ्या वर्गात घालीन, आणि हे सगळं लिहीन, तुमच्या यजमानांसकट. म्हणजे हे आता एक घर नाही, ती आळी आहे अख्खी, एवढं तरी नोंदलं जाईल. पण दुसऱ्या वर्गात राखायचं की पाडायचं ते मालकांच्या मनावर असतं. तिथे माझं चालत नाही."

"कळलं," थोरली म्हणाली.

"एक सांगते, तपासनीस म्हणून नाही. दगडाचं घर एकटं उभं राहतं. लाकडाच्या घराला माणूस लागतो. आता फळी कोण बदलतं?"

 सगळ्यांच्या नजरा दाराच्या डाव्या हाताच्या पत्र्याकडे गेल्या, आणि बाईंचीही गेली. त्यांनी पुढे विचारलं नाही.

*

बाईंचं पाऊल वळणापलीकडे गेलं न गेलं तोच धाकटी कोसळली.

"एक वाक्य! एवढं एक वाक्य गिळलं असतंस वहिनी! मी कुणासाठी करत होते हे? स्वतःसाठी? तुला रस्त्यावर यायला लागू नये म्हणून वर्षभर उंबरे झिजवले, आणि तू आपल्या हाताने..." तिला रडू फुटलं. कॉलेजातली बाई कुठच्या कुठे गेली आणि शेंडेफळ तेवढं राहिलं.

थोरलीने तिला जवळ घेतलं. "कळतंय गं मला. सगळं कळत होतं. पण त्यांच्या कामाला दुसऱ्याचं म्हणून कुणी हात जोडावेत, आणि मी शेजारी उभी राहून ऐकावं, हे नाही जमलं मला. घर राहिलं असतं, पण मला त्यात राहता आलं नसतं."

मधली नवऱ्याकडे वळली. "आणि तुमचं काय झालं होतं? सकाळी तर मोठ्या खऱ्या मापाच्या गप्पा मारत होतात. नाही विचारलं तरी सांगेन! मग दातखीळ का बसली?"

मधल्याने भिंतीतल्या त्या जोडावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "सांगणारच होतो. पण ती दादाच्या जोडाबद्दल बोलायला लागली."  "दादाचं एवढं कौतुक केलेलं मी कधी ऐकलंच नव्हतं. आपण कुणी कधी केलं नाही. तो फळ्या बसवायचा, आपण चहा प्यायचो. मला वाटलं, आणखी थोडं बोलू दे तिला. मग सांगू."

 मधली उठली, आतल्या खोलीत गेली, जिन्याची पहिली पायरी चढून वर डोकावली, परत आली.

"माळा बराच आहे हो जाऊबाई," ती म्हणाली. "सामान काढलं तर."

थोरलीला समजायला एक क्षण लागला. त्या दोघांनी इथे राहायला यावं, ही गोष्ट तिच्या मनात कितीदा येऊन गेली होती. आपण विचारलं तर त्यांना वाटेल, घर वाचवायला म्हातारीने गळ टाकला. आणि मधलीला वाटत असणार, आपण विचारलं तर जाऊबाई म्हणतील, पाय पसरायला आली. दोघी आपापला मान धरून बसल्या होत्या, आणि मध्ये घर कुजत होतं.

"तुम्ही दोघं इथे या," थोरली म्हणाली. "तिकडच्या दोन खोल्या पोरांना होतील. खालची खोली तुम्हाला, मी स्वयंपाकघराशी."

"दोन जावा एका घरात? भांड्याला भांडं लागणार, आधीच सांगते. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे."

"लागू दे. तिसरं वर्ष आहे, या घरात भांड्याचा आवाज नाही."

मधलीने डोळ्यांना पदर लावला आणि वर म्हणाली की कोळिष्टकं फार आहेत इथे, डोळ्यात जातात. धाकटीने नाक पुसलं आणि आशेने भावाकडे पाहिलं. बायकांचं ठरलं होतं, पण सही त्याचीही लागणार होती. फ्लॅट, लिफ्ट, बिल्डरला दिलेली आशा, सगळं त्याच्या पारड्यात होतं. मधला जिना चढून गेला. वर सामान सरकवल्याचा आवाज झाला, एक शिंक ऐकू आली, मग दुसरी. खाली उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर फळी होती.

"पत्रा काढा," तो म्हणाला.

थोरलीने पटाशी घालून पत्रा उचकटला. फळीचं एक टोक मधल्याने धरलं, दुसरं तिने, सवयीने. थोरल्याने कड इतकी नेमकी सोडली होती की फळी खाचेत गेली आणि आपली आपण थांबली. पाच भोकं त्याने पाडून ठेवली होती, तीन भावंडं आणि दोन जावा, प्रत्येकासाठी एक. स्वतःला धरून.

पहिला खिळा धाकटीने मारला. दुसरा मधलीने, आणि शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघेल इतक्या जोराने मारला. तिसरा थोरलीने. चौथा थोरल्याचा होता. तोही तिनेच मारला, आणि मारताना तोंडातल्या तोंडात म्हणाली, "ही शेवटची, मग चहा."

हातोडी मधल्याकडे आली. त्याने खिळा भोकावर धरला. कुणी हसलं नाही; सगळ्यांना ठाऊक होतं तो काय देतोय. त्याने तीन घाव घातले. खिळा काटकोनात, सरळ आत गेला. डोकं फळीशी सपाट झालं. आजूबाजूला ओरखडासुद्धा नाही. उभा जन्म काटे जुळवलेला हात होता तो, चुकायचं विसरून गेला होता.

"जमलं की भाऊ!" धाकटी म्हणाली.

थोरलीला का कोण जाणे, वाईट वाटलं. मधल्यालाही वाटलं असावं. तो त्या शहाण्या खिळ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने हातोडी पुन्हा उचलली आणि खिळ्याच्या शेजारी, कोऱ्या लाकडावर, एक घाव हाणला. तिथे अर्धा चंद्र उमटला.

"हं," मधला म्हणाला. "आता माझा."